भोकांचा कागद

एम्ब्रॉयडरीच्या धंद्यात संगणकावर डिझाइन बनवणाऱ्याला आजही 'पंचर' म्हणतात आणि त्याच्या कामाला 'पंचिंग'. त्याच्या हातात माउस असतो, समोर स्क्रीन असते, तयार झालेली फाइल पेनड्राइव्हवर जाते. या सगळ्यात कुठेही काहीही टोचलं जात नाही, एकही भोक पडत नाही. तरी 'डिझाइन पंच करून द्या' असंच बोललं जातं. भाषा शिकवणाऱ्या माणसाला असा शब्द भेटला की त्याच्या मागे जावंसं वाटतं. मी उर्दू आणि मराठी शिकवते, त्यामुळे गेलेच.

निमित्त घरचंच होतं. भाभीने दोन वर्षांपूर्वी घरगुती एम्ब्रॉयडरी मशीन घेतलं, जुनं, दुसऱ्याचं वापरलेलं. त्याच्यासोबतचं पुस्तक इंग्रजीत. ते वाचून सांगायचं काम माझ्याकडे आलं. 'आपा, डिझाइन मोठं केलं की टाके विरळ का पडतात?' 'आपा, पेनड्राइव्हमधली फाइल दिसते, पण रंग वेगळेच का दाखवतं?' असे तिचे प्रश्न. पुस्तकात बटण कुठलं दाबायचं ते होतं, का ते नव्हतं. 'का' शोधत गेले तेव्हा लक्षात आलं की उत्तरं इतिहासात आहेत, आणि तो इतिहास आपल्या ओळखीच्या गल्लीतूनही जातो.

जरदोजीच्या कारखान्यात बसलेल्यांना 'खाका' माहीत असेल. माझ्या खालाच्या घरी अड्डा होता, म्हणजे कापड ताणून बसवायची लाकडी चौकट. बटर पेपरवर नक्षी काढायची, मग रेघेवरून सुईने जवळजवळ भोकं पाडत जायचं. तो कागद अड्ड्यावरच्या कापडावर ठेवायचा आणि घासलेटात कालवलेल्या निळीचा किंवा सफेद्याचा बोळा त्यावरून फिरवायचा. रंग भोकांतून खाली उतरतो, कापडावर ठिपक्यांची नक्षी उमटते. खाक म्हणजे धूळ. पूर्वी भोकांतून कोळशाची किंवा खडूची भुकटी पाडत, त्यावरून खाका. मराठीत आपण 'प्रकरणाचा खाका' म्हणतो तेव्हा हा भोकांचा कागदच म्हणत असतो.

हा कागद काय सांगतो आणि काय सांगत नाही, इथे माझ्या सगळ्या शोधाची गोम आहे. तो 'कुठे' ते सांगतो. आधी काय, नंतर काय, हे सांगत नाही. पाकळी कुठून सुरू करायची, टाका कुठे वळवायचा, दबका कुठे, सलमा कुठे, सितारा शेवटी की आधी, हे कारागिराच्या बोटांत असतं. तोच खाका दोन अड्ड्यांवर दिला तर दोन वेगळी फुलं तयार होतात. क्रम माणसाकडे होता. पुढच्या तीनशे वर्षांची गोष्ट म्हणजे हा क्रम माणसाकडून काढून कागदावर कसा नेला त्याची गोष्ट.

विणकामात हे फार आधी झालं होतं, आणि ते करणाऱ्याला आपल्याकडे सुंदर नाव होतं: नक्शबंद. नक्शा बांधणारा. बनारसच्या मागावर नक्शा कागदावर काढून भागत नसे, तो दोऱ्यांत बांधावा लागे. नक्शबंद ताणलेल्या दोऱ्यांमध्ये आडवे दोरे गुंफून एक जाळं तयार करी. प्रत्येक आडवा दोरा म्हणजे एक हुकूम: या वेळी ताण्याचे हे हे धागे उचल. मागावरचा मदतनीस, बहुतेकदा पोरगाच, एकेक दोरा क्रमाने ओढी आणि विणकर धोटा टाकी. विणकराला पूर्ण नक्षी डोक्यात ठेवायची गरज नव्हती, ती दोऱ्यांत होती. आज आपण ज्याला प्रोग्राम म्हणतो त्याच्या सगळ्या खुणा यात आहेत. (बुखाऱ्याचे सूफी बहाउद्दीन नक्शबंद, ज्यांच्या नावाने नक्शबंदी सिलसिला चालतो, त्यांच्या नावाचा संबंधही काही लोक याच पेशाशी जोडतात. सिलसिल्यातले लोक 'हृदयावर अल्लाहचं नाव कोरणारा' असा अर्थ सांगतात. मला दोन्ही अर्थ आवडतात.)

फ्रान्समधल्या लिऑन शहरात रेशमाच्या मागांवर हीच अडचण होती आणि दोरे ओढणारी पोरंही तशीच होती. 1725 मध्ये बाझील बुशों याने भोकं पाडलेल्या कागदाची गुंडाळी वापरून पाहिली. तीन वर्षांनी फाल्कों याने गुंडाळीऐवजी एकमेकांना ओवलेले पुठ्ठे आणले. 1745 च्या सुमारास वोकान्सोंने त्यात भर घातली आणि 1804 मध्ये जोसेफ मारी जकार्डने हे सगळं जुळवून चालणारा माग उभा केला. पुठ्ठ्यात भोक असेल तिथे सळई आत जाते, नसेल तिथे अडते, त्यावरून कुठला धागा उचलायचा ते ठरतं. एक पुठ्ठा, एक ओळ. जकार्डचं रेशमात विणलेलं एक चित्र प्रसिद्ध आहे, त्याला सुमारे 24,000 पुठ्ठे लागले होते. त्याची एक प्रत चार्ल्स बॅबेजकडे होती, आणि आपल्या गणनयंत्राला हुकूम देण्यासाठी पुठ्ठे वापरायची कल्पना त्याने जकार्डच्या मागावरूनच उचलली. संगणकाच्या इतिहासात हे सगळीकडे सांगतात, म्हणून मी इथे थांबत नाही.

थांबायचं आहे ते भरतकामापाशी, कारण भरतकामाचं गणित वेगळं आहे. विणताना प्रश्न असतो 'कुठला धागा उचलू?' भरताना प्रश्न असतो 'सुई पुढे कुठे टोचू?' कापड आधीच तयार आहे, त्यावर कुठल्याही दिशेला जाता येतं. म्हणून नुसतं हो-नाही पुरत नाही, अंतर आणि दिशा लागते.

याचं पहिलं चांगलं उत्तर 1828 मध्ये म्युलूझ गावच्या जोस्युए हाइलमानने दिलं. त्याच्या यंत्रात सुई जागेवर राहते आणि कापडाची चौकट हलते. आज घरच्या मशीनची फ्रेम मागे-पुढे, डावी-उजवीकडे सरकते ना, ती हीच युक्ती. सुईला दोन्ही बाजूंनी टोक आणि मधोमध नाकं. एका बाजूच्या चिमट्याने ती कापडातून ढकलायची, दुसऱ्या बाजूच्या चिमट्याने ओढून घ्यायची, अगदी हाताने भरतो तसं. अशा शेकडो सुया एका ओळीत. चालवणारा स्टुलावर बसे. त्याच्या डाव्या हातात पँटोग्राफची दांडी, समोर सहापट मोठं काढलेलं चित्र. दांडीचं टोक तो एका टाक्याच्या शेवटावर नेई, की चौकट एक षष्ठांश सरके. उजव्या हाताने चाक फिरवायचं, पायाने चिमटे उघडायचे-मिटायचे. टाका, मग पुढचा टाका, दिवसभर.

हे यंत्र स्वित्झर्लंडच्या पूर्व भागात, सेंट गालेनच्या आसपास, हजारोंनी पसरलं. आणि लक्षात घ्या, बहुतेक यंत्रं घरांत होती. शेतकऱ्याच्या घराला लागून खोली बांधायची, त्यात काही मीटर लांबीचं हे धूड, व्यापाऱ्याकडून नमुना आणि कापड आणायचं, नगावर नाही तर टाक्यांच्या हिशेबाने पैसे घ्यायचे. आज सुरत-मुंबईत जॉबवर्कचा दर हजार टाक्यांवर ठरतो, ती रीत इतकी जुनी आहे. घरगुती एम्ब्रॉयडरी मशीन ही जपान्यांची अलीकडची कल्पना, असं मी समजत होते त्याच्या शंभर वर्षं आधी ते आल्प्सच्या पायथ्याशी घराघरांत होतं.

त्या घरांत सुया कोण ओवत होतं? बायका आणि मुलं. सुईत धागा जेमतेम मीटरभर, तो संपला की सगळ्या सुया पुन्हा ओवायच्या. 1877 मध्ये स्वित्झर्लंडने कारखाना कायदा केला: चौदा वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात बंदी, दिवसाला कमाल अकरा तास. कायदा चांगलाच होता, पण तो कारखान्यापुरता. घरातल्या यंत्राला तो लागू नव्हता. कारखान्यांतली यंत्रं घरांकडे सरकली त्यामागे हे एक मोठं कारण होतं. शाळेच्या आधी आणि शाळा सुटल्यावर मुलं रात्रीपर्यंत सुया ओवत बसत.

हे वाचून मी पुस्तक बाजूला ठेवलं होतं. आपला 1986 चा बालकामगार कायदा वाचा. त्यात धोक्याच्या कामांची यादी आहे, आणि खाली सूट आहे की घरच्यांच्या मदतीने चालणाऱ्या कामाला ही बंदी लागू नाही. 2016 च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालच्यांना सगळ्याच कामांवर बंदी आणली, तरी शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत घरच्या धंद्यात 'मदत' करायची मोकळीक ठेवली, धोक्याचे धंदे तेवढे वगळून. सकाळच्या पहिल्या तासाला डोळे चोळणारी मुलं मी वीस वर्षं बघते आहे. कुणाच्या बोटांना टिकल्यांचा डिंक, कुणाच्या नखात निळीचा रंग. त्यांच्या आईवडिलांना मी दोष देऊ शकत नाही. घर या शब्दाच्या आड किती काय मावतं, एवढंच दाखवते आहे.

पुढे 1863 मध्ये इसाक ग्रोब्लीने शिवणयंत्राची रीत या यंत्रात आणली: वरून न संपणारा रिळाचा धागा, खालून छोट्या होडीसारखा धोटा. होडीला तिकडच्या बोलीत 'शिफ्ली' म्हणतात, म्हणून यंत्राचं नाव शिफ्ली. ओवणाऱ्या हातांचं काम पुष्कळ कमी झालं, पण पँटोग्राफ धरणारा हात अजून होता. तोही 1898 मध्ये गेला. इसाकच्या मुलाने, आर्नोल्ड ग्रोब्लीने, चौकट हलवायचे हुकूम भोकांच्या पट्टीवर नेले. आता चित्रावरून टोक फिरवणारा माणूस यंत्रापाशी नको, तो वेगळ्या टेबलाशी बसेल, एकदाच सगळं चित्र टाक्याटाक्याने फिरेल आणि त्याच्या हाताखालचं पंच-यंत्र पट्टीत भोकं पाडत जाईल. मग ती पट्टी वाटेल तितक्या यंत्रांवर, वाटेल तितक्या वेळा. हा पहिला पंचर. आपल्या बाजारातला शब्द या टेबलावरून आला आहे.

खालाच्या खाक्यातही भोकं आणि ग्रोब्लीच्या पट्टीतही भोकं. फरक एवढाच की दुसऱ्यात क्रमही बसला. अड्ड्यावरच्या दहा कारागिरांच्या बोटांत होता तो क्रम आता एका टेबलावर आला. टेबलावरचा माणूस महत्त्वाचा झाला आणि यंत्रापाशी उभा असलेला धागा तुटला तर जोडण्यापुरता उरला. 1910 च्या आसपास भरतकाम ही स्वित्झर्लंडची सर्वांत मोठी निर्यात होती. मग महायुद्ध आलं, बायकांच्या कपड्यांची फॅशन साधी झाली आणि धंदा असा बसला की यंत्रं मोडीत काढायला पैसे दिले गेले. ज्यांनी कर्ज काढून घरात यंत्र बसवलं होतं त्यांच्याकडे रिकामी खोली राहिली.

आता भाभीच्या फाइलकडे येते. पुठ्ठ्याची पट्टी जाऊन कागदी फीत आली, फीत जाऊन फ्लॉपी, फ्लॉपी जाऊन पेनड्राइव्ह. पण हुकुमाची भाषा फारशी बदलली नाही. धंद्यात सगळ्यात जास्त चालणारी फाइल म्हणजे ताजिमा या जपानी कंपनीची डीएसटी. तिच्यात एका टाक्याला तीन बाइट लागतात आणि त्यात असतं एवढंच: इतकं आडवं सरक, इतकं उभं सरक, टाका घाल. किंवा न शिवता उडी मार. किंवा थांब, रंग बदल. मोजायचं माप मिलिमीटरचा दहावा भाग. अंतर लिहायची पद्धत मला फार आवडली, कारण ती तराजूच्या जुन्या कोड्यासारखी आहे. 1, 3, 9, 27 आणि 81 अशी पाचच वजनं आहेत आणि दोन्ही पारड्यांत ठेवायची मुभा आहे, तर किती किलोपर्यंत तोलता येईल? 121. फाइलमध्येही हेच पाच आकडे, अधिक किंवा वजा. म्हणून एक टाका जास्तीत जास्त 12.1 मिलिमीटरचा. सातवीच्या वर्गात हे कोडं घातलं तर पोरांनी दहा मिनिटांत सोडवलं.

या भाषेत रंग नाही. फक्त 'थांब' आहे. लाल की हिरवा, हे फाइलला माहीतच नसतं. कारखान्यात डिझाइनसोबत रंगांचा कागद वेगळा येतो. भाभीचं मशीन स्क्रीनवर भलतेच रंग दाखवतं, कारण ते स्वतःच्या मनाने भरतं. आणि डिझाइन मोठं केलं की टाके विरळ होतात, कारण फाइलमध्ये फूल नाही, टाके आहेत. अंतरं ताणली जातात, टाक्यांची संख्या तीच राहते. म्हणून बरीचशी घरगुती मशीन्स थोडंच, वीसेक टक्के, लहान-मोठं करू देतात. मूळ चित्र, म्हणजे 'ही पाकळी, तिला सॅटिनचा टाका, या दिशेने', हे पंचरच्या संगणकात राहतं. गिऱ्हाइकाला मिळते ती पट्टी.

घरगुती मशीनचा प्रवास थोडक्यात सांगते. 1975 मध्ये सिंगरने इलेक्ट्रॉनिक शिलाई मशीन काढलं. 1979 मध्ये जानोमेचं मेमरी 7 आलं, त्यात टाक्यांचे नमुने लक्षात ठेवायची सोय होती. 1990 मध्ये त्याच कंपनीचं मेमरी क्राफ्ट 8000 आलं आणि चौकट हलवून भरणारं यंत्र पुन्हा घरात शिरलं, या वेळी टेबलावर मावेल एवढं. डिझाइनं कार्डावर विकत मिळत. म्हणजे शिवणारी घरी, पंचर दूर कुठेतरी. मशीनवरची जी 'प्रोग्रामिंग'ची बटणं आहेत, आरसा, फिरवणं, जागा सरकवणं, दोन डिझाइनं जोडणं, अक्षरं ओळीत लावणं, धागा तुटल्यावर दहा टाके मागे जाणं, ती सगळी उपयोगी आहेत. पण ती दुसऱ्याने ठरवलेल्या क्रमाची मांडामांड आहे. नवा क्रम त्यातून येत नाही.

हे आमच्या घरी कळलं ते नावावरून. शेजारच्या मुलीच्या दुपट्ट्यावर उर्दूत नाव हवं होतं. मशीनमध्ये रोमन अक्षरं तीन वळणांत होती, देवनागरी नाही, नस्तालीकचा तर सवालच नाही. आणि नस्तालीक अक्षरं ओळीत लावून होतही नाही. पुढचं अक्षर कुठलं यावर मागच्याचा आकार बदलतो, शब्द उजवीकडून उतरत डावीकडे येतो. छपाईत हे जमवायला 1981 उजाडलं. मिर्झा अहमद जमील यांनी नूरी नस्तालीकसाठी जोडअक्षरांचे हजारो आकार एकेक करून तयार केले, तेव्हा कुठे लाहोरचा 'जंग' कातिबांच्या हाताशिवाय निघू लागला. एम्ब्रॉयडरी मशीन बनवणारा कुणी आमच्यासाठी तेवढी मेहनत घेईल, याची वाट बघण्यात अर्थ नव्हता.

मग भाभी पंचिंग शिकली. इंक/स्टिच नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, जुन्या लॅपटॉपवर चालतं. नाव मी बोरूने कागदावर लिहून दिलं, तिने फोटोवरून रेघा ओढल्या. आणि इथे सुरू झालं ते खालाच्या अड्ड्यावरचं शिक्षण. धागा कापडाला ओढतो. सॅटिनची पट्टी काढली त्यापेक्षा अरुंद शिवली जाते, गोल लांबट होतो. 'कशिदा' हा शब्द फारसीतल्या 'कशीदन'वरून आला, त्याचा अर्थच ओढणं. म्हणून पट्टी थोडी रुंद काढायची, तिच्याखाली आधी विरळ टाक्यांचा पाया घालायचा, मग वरचे टाके 0.4 मिलिमीटरच्या अंतराने. खालाला आकडे माहीत नव्हते, पण तिने सांगितलेलं हेच होतं: 'कपडा खिंचेगा, पहले से थोडा ज्यादा ले.'

क्रमावर आमचा वाद झाला. उर्दूत आपण आधी शब्दाचा सांगाडा लिहितो, नुक्ते नंतर देतो. भाभी म्हणाली, 'नुक्ते शेवटी घेतले तर मशीन एका टोकाहून दुसऱ्या टोकाला उड्या मारेल, प्रत्येक उडीचा धागा कापत बसावा लागेल. जिथे अक्षर संपलं तिथेच त्याचे नुक्ते घेते.' शिक्षिका म्हणून मला हे पटेना, पण कात्री तिच्या हातात होती. देवनागरीत उलट झालं. तिथे तिने अक्षरं आधी आणि शिरोरेघ सगळ्यात शेवटी घेतली, शाळेत शिकवतो तशी, कारण अक्षरांची वरची टोकं रेघेखाली झाकली जातात. फक्त अक्षरं रेघेत अर्धा मिलिमीटर आत घुसवावी लागली. नाहीतर धागा ओढला गेला की अक्षर आणि रेघ यांच्यात फट दिसते.

आता तिच्याकडे बाजारातल्या एका दुकानाचं काम येतं. टोप्यांवर, लग्नाच्या रुमालांवर नावं. उर्दूत, मराठीत, कधी दोन्ही. शिवते ती थोडं. जास्त नग असले की दुकानदार डीएसटी फाइल घेऊन आपल्या मोठ्या मशीनवर लावतो. पहिल्या दोन महिन्यांत त्याने फक्त हजार टाक्यांचा दर दिला. पंचिंगचा वेगळा दर असतो हे तिला माहीत नव्हतं. मी तिला ग्रोब्लीच्या टेबलाची गोष्ट सांगितली तेव्हा तिने दुसऱ्या दिवशी जाऊन वेगळा दर मागितला. थोडी घासाघीस होऊन मिळाला.

डीएसटी फाइलच्या सुरुवातीला 512 बाइटचा मथळा असतो. त्यात डिझाइनचं नाव, एकूण टाके, रंग किती वेळा बदलायचा, लांबी-रुंदी एवढी माहिती बसते. बनवणाऱ्याच्या नावासाठी मूळ मांडणीत जागा नाही. डिझाइनच्या नावाला सोळा अक्षरं आहेत, तीही रोमन. भाभी हल्ली त्यातली पहिली सहा स्वतःच्या नावासाठी घेते आणि उरलेल्या दहांत गिऱ्हाइकाचं नाव बसवते.